धूर माळ्यावर, बाळ झोळीत

हरसूलच्या पलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावर मला शाळेची पहिली नेमणूक मिळाली, तेव्हा नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतल्या निम्म्या बायका आईचं सांत्वन करून गेल्या. जणू मी नोकरीला नाही, वनवासाला निघाले होते. आईने मात्र डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तिने शेंगदाण्याची चटणी डब्यात दाबून भरली आणि म्हणाली, "मला हिची काळजी नाही. तिथल्या लोकांची आहे." माझं तोंड तेव्हाही असंच होतं, आणि आईला ते माझ्याआधी कळलेलं होतं.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. पाड्यावर राहायला खोली म्हणजे एका घराची पडवी. आम्ही बौद्ध. घर बघायला गेलं की जात विचारतात, हा अनुभव गाठीशी होता, म्हणून एसटीतून उतरल्यापासून मी उत्तर घोळवत चालले होते. चांगलं तिखट उत्तर होतं. घरमालकीण दारातच उभी होती. काळी, काटक, नाकात मोठी नथनी, कमरेला विळा खोचलेला. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एवढंच विचारलं, "धूर सोसल का?"

माझं उत्तर वाया गेलं. मी म्हटलं, "सोसेन की." धुराने कोणी मेलंय का, असं तेव्हा मला वाटत होतं.

घर मोठं होतं पण एकाच दालनाचं. कुडाच्या भिंती, शेणामातीने छान सारवलेल्या, वर कौलं. खिडकी नाही. मधोमध चूल आणि तिच्यावर डोक्याच्याही वर बांबूंचा माळा. माळ्यावर त्या घराची सगळी दौलत असायची. बांबूच्या कणगीत भात आणि आम्ही नाचणी म्हणतो ती नागली, पाल्यानेच गुंफून टांगलेली मक्याची कणसं, गाडग्यात वालाचं बियाणं. चुलीचा धूर बांबूंच्या फटींतून माळ्यावर शिरायचा, धान्यातून फिरायचा आणि कौलांमधून वाट काढत सावकाश बाहेर जायचा. सावकाश म्हणजे किती, ते पाऊस लागला तेव्हा समजलं. ओली लाकडं पेटायची कमी आणि धुमसायची जास्त. माझ्या पडवीची भिंत छपरापर्यंत पोचलेलीच नव्हती. त्यामुळे त्यांच्या भाकरीआधी त्यांचा धूर माझ्याकडे यायचा.

घरात माणसं मोजकी. म्हातारी, तिचा एकुलता एक मुलगा, सून आणि सुनेचं तान्हं मूल, एक मुलगी. सगळी माणसं खोकायची. सकाळी उठलं की मुलगा खोकायचा, मग म्हातारी, मग सून, मग पडवीतून मी. एकाचा खोकला संपला की दुसऱ्याने उचलायचा, भजनात टाळकरी उचलतात तसा. तान्ही मुलगीही खोकायची. पण खोकणाऱ्या घरात एका बाळाच्या खोकल्याकडे कोण लक्ष देणार?

श्रावणात त्या मुलीला डबा झाला. डबा म्हणजे बाळाची धाप लागते, पोट भात्यासारखं वरखाली होतं आणि बरगड्यांखाली खड्डे पडतात. आजार छातीत असतो, पण उडताना दिसतं पोट, म्हणून सगळा उपाय पोटावर. म्हातारीने विळ्याचं टोक तापवून मुलीच्या पोटाला डाग दिले. मी आडवी गेले तेव्हा तिच्या मुलाने मला हाताने बाजूला केलं. रागाने नाही, एखादी खुर्ची सरकवावी तसं. दुसऱ्या दिवशी मुलगी गेली. सुनेचं हे दुसरं मूल. पहिला मुलगा मी यायच्या आधी असाच, पावसातच गेला होता.

सून रडली नाही. ती चुलीपुढे बसून राहिली आणि झोळीच्या दोरीला हलकेच झोका देत राहिली. झोळी रिकामी होती.

मला संताप आला होता. कोणाचा, ते कळत नव्हतं. म्हातारीचा म्हणावा तर तिने दोन दिवस घास खाल्ला नव्हता. मग मी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरवर जाऊन घसरले. हरसूलच्या बाजाराच्या दिवशी सरळ त्याच्यापुढे उभी राहिले आणि विचारलं, तुम्ही इथे कशाला बसलाय? तरुण होता बिचारा, माझ्याच वयाचा. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, डबा म्हणजे न्यूमोनिया. पहिल्या दिवशी आणलं तर माझ्याकडे इंजेक्शन आहे. पण माझ्याकडे बाळ येतं ते पोट डागून, तिसऱ्या दिवशी. आणि त्या घरांत शिरलाय कधी? तिथला धूर बघितलाय?"

"मी तिथेच राहते," मी म्हटलं.

"मग तुमचा खोकला कधीपासूनचा?"

मला इतका राग आला की मी तशीच निघून आले, खोकतच.

त्यानंतर मी त्या घराकडे निराळ्या नजरेने बघायला लागले. धूर चुलीतून निघाला की आधी वर जातो, माळ्याला अडतो, पसरतो आणि मग खाली उतरायला लागतो. उतरता उतरता माणसाच्या छातीइतक्या उंचीवर येऊन थबकतो. आम्ही मोठी माणसं जमिनीवर बसून जेवायचो, त्याच्या खाली. डोळे चुरचुरायचे, पण श्वास मिळायचा. झोळी मात्र आढ्याला टांगलेली, चुलीच्या उबेला, नेमकी त्या उंचीवर. घरातलं सगळ्यात लहान माणूस सगळ्यात दाट धुरात झोपत होतं. आणि हे त्यांनी मायेपोटी केलेलं होतं, हे सगळ्यात वाईट.

मी म्हातारीला म्हटलं, "झोळी खाली घ्या."

"खाली इच्चू येतो. पावसात नाग येतो. तुमी झोपवाल तुमचं पोर जमिनीवर?"

नसतं झोपवलं. पहिली फेरी म्हातारीने जिंकली.

दुसरी फेरी माझी होती, असं मला वाटलं होतं. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात सरकारची निर्धूर चुलीची योजना आमच्या बाजूला आली. मातीची बंदिस्त चूल, दोन तोंडांची, आणि मागून सिमेंटची नळी थेट छपराबाहेर. तालुक्याहून गवंडी येऊन बांधून देणार. तोवर सुनेला पुन्हा दिवस गेले होते. मी तोंडाचा पट्टा असा काही सोडला की म्हातारी शेवटी म्हणाली, "बांदा बाबा, पण हिला गप करा." पाड्यावरची पहिली निर्धूर चूल आमच्या घरात बसली.

चूल पेटली आणि आम्ही सगळे तिच्याभोवती बसून राहिलो. धूर आलाच नाही. नळीतून वर गेला आणि छपरावरून निघाला. समोरच्या भिंतीवर सुनेने कधीकाळी पांढऱ्या पिठाने काढलेली नक्षी होती. ती मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसली. आठवडाभरात घरातला खोकला निम्म्यावर आला. मी पाड्यावरून अशी चालायला लागले, जणू चूल मीच शोधून काढली.

शिमग्याच्या सुमारास म्हातारीने मला हाक मारली. तिच्या हातात मक्याचं कणीस होतं. तिने ते सुपावर आपटलं. दाण्यांबरोबर पीठ पडलं आणि पिठातून काळे बारीक सोंडे चालायला लागले.

"कवा लागले नव्हते," ती म्हणाली. "माज्या सासूच्या वेळेपासून नाय. धूर होता तवर किडा नव्हता."

मी काहीतरी बोलले. औषध मिळतं, पावडर मिळते, असलं. तिने ऐकूनही घेतलं नाही. त्या दिवशी शाळेतून परत आले तर घरात पुन्हा धूर होता, आणि आधीपेक्षा जास्त होता. म्हातारीने शेणमातीचा गोळा करून नळीचं तोंड बुजवून टाकलं होतं. धुराला वर वाट नाही, म्हणून तो चुलीच्या दोन्ही तोंडांतून खोलीत येत होता. मधे सात महिन्यांची पोटुशी सून पदराने नाक दाबून भाकऱ्या थापत होती.

मग आमचं जे भांडण झालं, ते पाड्यावर बरीच वर्षं लोक सांगत होते. मी म्हटलं, तुम्हाला नातवंडापेक्षा मका प्यारा आहे. ती म्हणाली, मका नसला तर नातवंड काय धूर खाईल? मी म्हटलं, तेच तर खातंय! ती म्हणाली, बियाणं गेलं तर पुढल्या साली पेरायचं काय, तुमची पुस्तकं? तिचा मुलगा दारात उभा राहून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. शेजारपाजारचे अंगणात जमले. सुनेने भाकरी तव्यावर करपू दिली आणि पहिल्यांदाच आवाज चढवला.

"मला कोन इचारनार हाय का?" ती म्हणाली. "मला बियानं पन पायजे आन् पोर पन पायजे."

मी चिडून वर हात केला आणि म्हटलं, "तुमचं बियाणं माळ्यावर असतं, आणि पोर माळ्याखाली. मग धुराला सांगा ना, वर थांब, खाली उतरू नको!"

"सांगा की तुमीच," म्हातारी फणकारली.

आणि मग आम्ही दोघी एकदम वर बघायला लागलो. नळी माळ्याला भोक पाडून वर जात होती, माळ्यावरच्या कणगीशेजारून, तिथून कौलांबाहेर. ती नळी माळ्याच्या वरच, कणगीजवळच संपली तर? धूर माळ्यावर मोकळा होईल, धान्यात फिरेल, कौलांतून निघून जाईल. फक्त त्याला खाली उतरू द्यायचं नाही.

ही कल्पना कोणाची, यावर पुढे आमचं कधी एकमत झालं नाही. म्हातारी शेवटपर्यंत म्हणायची, तिची. मी आजही म्हणते, माझी. सून म्हणायची, तिने आवाज चढवला नसता तर दोघी अजून भांडतच बसल्या असत्या.

पुढच्या रविवारी कामाला लागलो. मुलाने नळीचा माळ्यावरचा भाग कापून काढला आणि तोंडावर पत्र्याची टोपी बसवली, ठिणगी उडू नये म्हणून. माळ्याच्या बांबूंवर दाट विणीची तट्टी अंथरली. मग म्हातारी आणि मी दोघींनी शेण, माती आणि भाताचा तूस कालवून ती तट्टी लिंपून काढली. फट राहता कामा नये. मी खालून उभी राहून उजेडाचा ठिपका दिसतो का बघायची आणि ओरडायची, "इथे!" म्हातारी वरून त्या जागेवर लपका हाणायची. दोनदा तो माझ्या तोंडावर आला. दुसऱ्यांदा तो चुकून आला नव्हता, याची मला खात्री आहे.

संध्याकाळी चूल पेटवली. माळ्यावर धूर आहे की नाही, हे बघायला मुलगा शिडीवरून डोकं आत घालून आला आणि खोकत, डोळे पुसत, हसत खाली उतरला. "लय हाय," म्हणाला. "भरून ऱ्हायलाय." खाली आम्ही श्वास घेऊन बघितला. धूर नव्हता. म्हातारीने माळ्याकडे बघून मान हलवली, आपल्या शेतात दुसऱ्याची जनावरं नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी तशी.

तालुक्याहून चुली तपासायला साहेब आले तेव्हा मात्र पंचाईत झाली. नियमाप्रमाणे नळी छपराच्या वर दिसायला हवी होती. नळी नसेल तर चूल निर्धूर नाही, भले आत धूर असो वा नसो. मी वाद घालायला तोंड उघडलं, पण म्हातारीने मला कोपराने ढोसलं आणि साहेबांना ताक प्यायला बसवलं. पुढच्या वेळी ते आले तेव्हा आमच्या छपरावर नळीचा कापलेला तुकडा डौलात उभा होता. खाली कशालाच जोडलेला नव्हता. साहेब खुश झाले. हाच तुकडा नंतर पाड्यावर घरोघर फिरला, जिथे तपासणी असेल तिथे.

वैशाखात सुनेला मुलगा झाला. मी सुट्टीला नाशिक रोडला होते, पण जीव लागेना. आईच्या स्वयंपाकघरात गॅसच्या निळ्या ज्योतीपुढे बसून मी त्या माळ्याला कुठे तडा गेला असेल का, याचाच विचार करायची. शेवटी आईच म्हणाली, "जा बाई, तुझं चित्त इथे नाहीच." मी शाळा उघडायच्या आधी परतले.

मुलाचं नाव ठेवलं नव्हतं. म्हातारीने ठरवून टाकलं होतं, ह्या पोराचं बारसं पावसाळा निघाल्याशिवाय नाही. आधीच्या दोघांची नावं ठेवली होती, हौसेने, लाडू वाटून, आणि ती नावं आता घरात कोणी उच्चारत नव्हतं. म्हणून ह्याला सगळे 'पाव्हणा' म्हणायचे. पाव्हणा जेवला का, पाव्हण्याने झोळी ओली केली. ऐकायला गंमत वाटायची. पण सून ते नाव तोंडातून काढत नसे. ती त्याला नुसतं जवळ घ्यायची.

नर्सबाई बाजारच्या दिवशी लशीचा डबा घेऊन यायची. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, तिन्हींची मिळून एकच सुई. म्हातारी म्हणाली, एवढ्याशा जिवाला सुई कशाला? मी म्हटलं, विळ्याच्या टोकापेक्षा बारीक असते. हे बोलून मला वाईट वाटलं, पण तिने फक्त खाली बघितलं आणि मग सुनेला म्हणाली, "घेऊन जा त्याला."

पाऊस लागला. आणि त्या पावसात घरात एक नवलाची गोष्ट घडली, जिची आम्हा कोणालाच कल्पना नव्हती. घर शांत झालं. सकाळी उठलं की कोणी खोकत नव्हतं. कौलांवर पडणारं पाणी ऐकू यायचं, गोठ्यात बैल फुरफुरला तरी ऐकू यायचं. पडवीत मला पाव्हण्याचा श्वास ऐकू यायचा. सुरुवातीला त्या शांततेने मला झोप येत नसे.

श्रावणातली दुपार. मी चौथीच्या पोरांना पाढे म्हणायला लावून फळ्यावर लिहीत होते. पोरांचा आवाज एकाएकी थांबला. वळून बघितलं तर दारात म्हातारी. डोक्यावरून पाठीपर्यंत पानांचं इरलं, त्यातून पाण्याच्या धारा लागलेल्या, आणि मागे घोंगडीत पोर गुंडाळून सून. म्हातारीने शाळेत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पाड्यावर म्हण होती की शाळेला आग लागली तरी ती विहिरीपर्यंतच येईल.

"बाई," ती म्हणाली, "पाव्हना खोकला. सकाळी एकदा, मंग आता दोनदा. ह्यो खोकला आपला नाय."

"आपला नाही म्हणजे?"

"आपल्या घरात आता कोन खोकतंय?" ती चिडून म्हणाली. "मी खोकते? तुमी खोकता? मंग त्यो का खोकला?"

मी घोंगडी बाजूला केली. पोर लालबुंद झालं होतं आणि श्वास घाईघाईने घेत होतं. बरगड्यांखाली बारीक खळगा पडायला लागला होता, पण नुकताच. त्याचं पोट कोरं होतं. म्हातारीने विळा तापवला नव्हता. मी तिच्या कमरेकडे बघितलं, तर तिथेही विळा नव्हता. ती तो घरी ठेवून आली होती. हे मी बघितलेलं तिला कळलं.

शाळेला मी कुलूप घातलं आणि पोरांना घरी पिटाळलं. सडकेवर बाजाराला निघालेला टेम्पो मिळाला. मागे कोंबड्यांच्या पाट्या, तेलाचे डबे, त्यात आम्ही तिघी आणि पाव्हणा. त्या वाटेवर मला जितकी भीती वाटली, तितकी आयुष्यात पुन्हा वाटली नाही. सुनेचा एक हात झोका दिल्यासारखा आपोआप हलत होता, रिकाम्या झोळीपाशी हलत होता तसाच. मी तो हात धरला आणि हरसूल येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टर तोच होता. त्याने पोर टेबलावर ठेवलं आणि सवयीने आधी पोटावरचं कापड वर केलं, डाग बघायला. ते बघून म्हातारी भडकली.

"पोट काय बघतो?" ती त्याच्यावर ओरडली. "छाती बघ! त्याला छातीत झालंय!"

डॉक्टर थबकला. त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग खाली वाकून नळी पोराच्या छातीला लावली. मी सांगते, त्या खोलीत म्हातारीचं ते वाक्य ऐकून मला जेवढा आनंद झाला, तेवढा मला डी.एड. पास झाल्यावरही झाला नव्हता. पोर अजून वाचलेलं नव्हतं. तरी माझ्या आत काहीतरी जिंकल्यासारखं उभं राहिलं.

"आजी," डॉक्टर म्हणाला, "आज आणलंत. फार चांगलं केलंत. तुम्हाला कळलं कसं एवढ्या लवकर?"

"ऐकू आलं," म्हातारी म्हणाली. जणू हा काय विचारायचा प्रश्न होता.

इंजेक्शनं सुरू झाली. आम्ही तिथे ओसरीवर मुक्काम टाकला. दुसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही. म्हातारी खांबाला टेकून बसली होती, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, ह्यो गेला तर चुलीचा दोष नाय. मी सांगन सगळ्यांना, दोष नाय." मी सरकून तिच्या शेजारी बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनेने पोराला छातीशी लावलं आणि त्याने दूध ओढलं. आधी थोडं, मग हावरटासारखं. सून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि मग तिने तिन्ही पोरांचं रडं एकदम रडून घेतलं. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी बाहेर पावसात जाऊन उभी राहिले, कारण माझंही काही खरं नव्हतं.

त्यानंतर म्हातारीला कोणी आवरू शकलं नाही. हरसूलच्या बाजारात ती नागली विकायला बसायची आणि विकायची मात्र चूल. येणाऱ्या बाईला आधी विचारायची, तुज्या घरात किती जण खोकतात? मग सांगायची, धूर माळ्यावर चढव, पोराची झोळी माळ्याखाली ठेव, आन् मंग ऐक, पोर खोकतंय का ते. पेठ गावाकडच्या बायका तिचं बोलणं ऐकायला थांबायच्या. कोणी म्हणालं, सरकारी चुलीने बियाणं किडतं, तर ती पिशवीतून मक्याचं कणीस काढून तिथेच आपटायची. सोंडा एकही नाही! पुढच्या पावसाळ्याच्या आत पाड्यावर जवळजवळ घरोघर माळे लिंपून झाले. तालुक्याच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, तुमच्याकडच्या चुली लोक मोडत कशा नाहीत? मी म्हटलं, आमच्याकडे एक बाई आहे, तिला भेटा, पण ताक पिऊन जा.

आणि पाव्हण्याने पावसाळा काढला. भात झोडून झालं, कणग्या भरल्या, माळ्यावर नव्या कणसांच्या जुड्या चढल्या. बारशाचा दिवस ठरला. घर सारवलं, झोळीऐवजी शेजारचा पाळणा मागून आणला, त्याला झेंडूची माळ बांधली. पाड्यावरच्या बायका जमल्या. आता बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं ते आत्याने. पण म्हातारीला एकच मुलगा, लेक नव्हतीच. ह्या घराला आत्याच नव्हती. बायका म्हणाल्या, चुलत घरातली कोणी बोलवा. कोणी नाव सुचवलं, कोणी दुसरं. मी भिंतीशी बसले होते, लाडवांची परात मांडीवर घेऊन. पाहुणीच होते मी तिथे.

म्हातारी उठली, माझ्यापुढे आली आणि परात माझ्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवली.

"ऊठ," ती म्हणाली. "आत्या बसून ऱ्हाती का?"

इतके दिवस ती मला 'तुमी' म्हणायची. मला आधी समजलंच नाही की ती माझ्याशी बोलतेय. मागून एक बाई हळूच काही पुटपुटली, आमची माणसं वेगळी, असं काहीतरी. म्हातारी वळलीसुद्धा नाही.

"माज्या घराची लेक कोन, ते मी ठरवीन," ती म्हणाली.

मी उठले. ते तिखट उत्तर, जे मी पहिल्या दिवशी रस्त्याभर घोळवत आले होते, ते मला तेव्हा आठवलं, आणि त्याची आता कधीच गरज पडणार नाही, हेही कळलं. पाळण्यावर वाकले. बायकांनी पाठीवर धपाटे घातले, रीतीप्रमाणे, आणि म्हातारीने सगळ्यांत जोराचा घातला. मी त्याच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे.

कानाशी एवढा गोंधळ झाल्यावर त्याने तोंड उघडलं आणि जो टाहो फोडला, तो अंगणापर्यंत गेला असेल. छाती भरून श्वास घ्यायचा आणि पुन्हा ओरडायचा. सून त्याला उचलायला पुढे झाली, तर म्हातारीने तिचा हात धरला.

"रडू दे," ती म्हणाली. "जरा ऐकू दे."

आम्ही सगळ्या उभ्या राहून ऐकत राहिलो. घरात कोणीही खोकत नव्हतं.